घर बदलायचंय, पण साड्यांचं काय?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ५९ वर्षांच्या आहेत, सरकारी बँकेतून गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. घरात नवरा, मुलगा आणि सून. इमारत पुनर्विकासाला जातेय, त्यामुळे दसऱ्यापर्यंत घर रिकामं करून तीनेक वर्षं भाड्याच्या लहान जागेत राहायचं आहे. दोन गोदरेजची कपाटं, दिवाणाचं पोट आणि माळ्यावरच्या बॅगा, सगळीकडे साड्या. स्वतःच्या दोनशेच्या वर. शिवाय एक कपाट दोन वर्षांपूर्वी गेलेल्या सासूबाईंचं. त्या लिहितात : "मी आता रोज पंजाबी ड्रेसच घालते. मिस्टर म्हणतात, वर्षभर नेसली नाही ती सरळ काढून टाक. सून म्हणते, आई, फोटो काढून ठेवा आणि देऊन टाका. सासूबाईंच्या दोन साड्या मी आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना दिल्या होत्या. शेवटच्या आजारपणात त्यांनी सासूबाईंचं खूप केलं. त्यातली एक त्यांनी चैत्राच्या हळदीकुंकवाला नेसली, नणंदबाईंनी पाहिली आणि 'माझ्या आईची साडी कामवालीच्या अंगावर' म्हणून माझ्याशी बोलणं टाकलं. तेव्हापासून मी ते कपाट उघडलेलं नाही. आहेराच्या साड्या काढायच्या तर देणाऱ्याचा अपमान होतो असं वाटतं. बँकेच्या साड्यांचं तर काही सुचतच नाही. मी लोभी आहे का?"

ताई,

लोभाचा आरोप स्वतःवर ठेवण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर आवक मांडा. इतकी वर्षं बँकेत काढलीत, हे काम तुम्हाला माझ्याहून चांगलं जमेल. दोनशे साड्यांपैकी दुकानात स्वतः उभं राहून, आवडली म्हणून, स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या किती निघतात? माझा अंदाज, निम्म्याही निघणार नाहीत. बाकीच्या आपणहून आल्या. लग्नात आल्या, पहिल्या वर्षीच्या सणांना आल्या, डोहाळजेवणाला आल्या. भाच्याच्या मुंजीत मामी म्हणून, दिराच्या लग्नात मोठी जाऊ म्हणून, मुलाच्या लग्नात वरमाय म्हणून. कुणाची वास्तुशांत, कुणाची साठीशांत, दरवर्षीची भाऊबीज. बाईचा मान ठेवायचा म्हणजे तिच्या हातात साडी ठेवायची, ही आपल्याकडची रीत. ती घेणारीला नको म्हणायची सोय नाही. गोतावळा मोठा असलेल्या घरात बाईचं कपाट भरणारच, तिला हौस असो वा नसो.

तुमच्या मिस्टरांचा 'वर्षभर नेसली नाही ती काढा' हा नियम शर्ट-पँटला चालेल. पैठणी तीन वर्षांतून एकदा नेसली तरी तिचं काम झालेलं असतं, ती घेतलेलीच असते लग्नकार्यासाठी. उलट एखादी जॉर्जेट दर महिन्याला नेसली जाते, पण ती आवडते म्हणून नाही. धुवायला सोपी आणि वर ठेवलेली, म्हणून हात तिच्यावर पडतो. सुनेचा फोटोचा उपाय वाईट नाही, त्याकडे पुढे येते. दोघं मदतच करू बघतायत, पण सगळ्या साड्यांना एकच माप लावतायत. आणि मला वाटतं, तुम्हीही त्याच कारणाने अडकलात. तुमच्या पत्रात मला चार निरनिराळे ढीग दिसतात : आहेराचा, सासूबाईंचा, बँकेचा आणि खरोखर तुमच्या आवडीचा. या चारांचा निकाल एका वाक्यात लागणार नाही.

आहेरापासून सुरू करा. तिथे जीव सगळ्यात कमी अडकलाय आणि ढीग बहुधा सगळ्यात मोठा असेल. दिवाणाच्या पोटात याच असणार : पुठ्ठ्याच्या खोक्यात, कुरकुरणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये, फॉल न लावलेल्या, किमतीची चिठ्ठी अर्धवट खरवडलेल्या. देणाऱ्याचा अपमान होईल असं तुम्ही म्हणता. पण तुम्हीही किती कार्यांत देणाऱ्या होतात, ते आठवा. दुकानात जाऊन 'देण्याघेण्यातल्या दाखवा' म्हटलं की दुकानदार वेगळ्याच फळीवरून गठ्ठा काढतो. एका किमतीतल्या वीस-पंचवीस उचलायच्या, रंग तेवढे वेगवेगळे बघायचे, आणि घरी येऊन यादी समोर धरून वाटणी करायची : ही मामींना, ही मोठ्या आत्यांना, ही मोरपंखी राहू दे, ऐनवेळी कुणाला तरी लागेल. तुमच्या दिवाणात यातल्या कितीतरी 'कुणाला तरी'वाल्या आहेत. देणाऱ्याने मानाने दिलं, तुम्ही मानाने घेतलं, कुंकू लावून झालं, नमस्कार झाले. ते देणंघेणं तिथेच पुरं झालं. तीस वर्षं ती साडी डांबरगोळ्या घालून जपायची, असं त्यात कुणीच धरलेलं नव्हतं. ज्यांनी दिली त्यांना आज ती दाखवली तर ओळखता येईल का, हेही जरा मनात आणून बघा.

पुढे दुसऱ्या कार्यात तीच साडी देऊन टाकायची, म्हणजे आपण ज्याला 'फिरवणं' म्हणतो, ते करावं का? बिनदिक्कत करा, फक्त एक बघा : हिच्यासाठी दुकानात गेले असते तर हा रंग, हा पोत मी उचलला असता का? हो असेल तर ती साडी योग्य घरी चालली आहे. नसेल तर तुम्ही आपल्या दिवाणातलं ओझं तिच्या दिवाणात पाठवताय. काही बायका खोक्यात देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी ठेवतात, म्हणजे फिरून साडी मूळ घरी जाऊ नये. तरीही जाते. (अशी परत आलेली आपलीच साडी ओळखूनही 'अगंबाई, किती गोड रंग' म्हणणाऱ्या बायका असतात. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे.)

पण आवक चालू ठेवून कपाट रिकामं करत बसण्यात हशील नाही. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापतात, त्याने पाहुण्यांची पाकिटं थांबतात. जवळच्या घरांतल्या मानाच्या साड्या थांबत नाहीत. त्या थांबवायच्या तर तोंडानेच सांगावं लागतं, आणि तुमचं वय आता असं आहे की तुमचं ऐकतील. तुमची माहेरची माणसं, दीर-जाऊ, व्याही अशी जी चार-सहा घरं असतील, त्यांना एकेकदा फोन करा. घर बदलण्याचं कारण आयतं आहे. 'आता आमच्याकडे जागा नाही. ओटीत नारळ, तांदूळ आणि फूल घाला, मला तेवढ्याने आनंद होईल.' ब्लाउजपीसही नको म्हणून सांगा, नाहीतर साड्यांच्या जागी त्यांची चळत उभी राहील. आणि पुढच्या कार्यात तुम्ही स्वतः साड्यांचा गठ्ठा घ्यायला जाऊ नका. तुमच्याकडून थांबलं की समोरच्यालाही हायसं वाटतं. बऱ्याच घरांत दोन्ही बाजू कंटाळलेल्या असतात आणि आधी कोण बोलणार म्हणून खोळंबलेल्या असतात.

आता सासूबाईंचं कपाट. इथे जरा थांबून बोलायला हवं.

नणंदबाईंच्या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या एकत्र मनाला लावून घेतल्यात. आईच्या साड्या आपल्याला न विचारता घराबाहेर गेल्या, याचं लेकीला वाईट वाटणारच. सासूबाई तुमच्याकडे राहिल्या, आजारपण तुम्ही काढलंत, किल्ली तुमच्याकडे आली, हे सगळं खरं. तरी त्या साड्यांवर बोट ठेवायचा पहिला हक्क लेकीचा होता. एवढ्यापुरत्या त्या बरोबर आहेत, आणि 'विचारायला हवं होतं' एवढं त्यांना म्हणून टाका. 'कामवालीच्या अंगावर' या भागात मात्र मी त्यांच्या बाजूने नाही. ज्या बाईंनी तुमच्या सासूबाईंना शेवटी अंघोळ घातली, वेणी घातली, कूस बदलून दिली, त्यांच्या अंगावर सासूबाईंची साडी शोभत नाही, हे आपल्याला कुणी शिकवलं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी ती साडी पोतेऱ्याला लावली नाही, हळदीकुंकवाला नेसली. याहून मोठा मान त्या साडीला कपाटात मिळाला नसता. तेव्हा या भागाबद्दल माफी मागू नका. आणि त्या बाईंच्या कानावर यातलं काही गेलं असेल तर त्यांच्याशी एकदा नीट बोला. नणंदबाईंच्या रागात त्यांचाच विचार कुणी केलेला दिसत नाही.

पुढचं काम श्रावणात उरका. नंतर गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. त्या गर्दीत हे होणार नाही, आणि पितृपक्षात असलं काही काढलं की कुणाला ना कुणाला आवडत नाही. एखाद्या रविवारी नणंदबाई, त्यांच्या मुली आणि तुमच्या जाऊबाई यांना जेवायला बोलवा. आधी निवडून-टिपून ठेवू नका. चादर अंथरून सगळं कपाट त्यांच्यासमोरच रिकामं करा. पहिली निवड नणंदबाईंची, हव्या तेवढ्या, मोजायच्या नाहीत. मग त्यांच्या मुली, मग जाऊबाई, मग तुम्ही. सुनेलाही बसवा, तिला आजेसासूची एखादी हवी असेल आणि ती बोलली नसेल. फक्त एक गोष्ट बोलावतानाच फोनवर सांगून ठेवा : 'त्या दिवशी उरतील त्या कुठे द्यायच्या ते मी ठरवेन, आणि मग त्यावर बोलणं नको.' गोड आवाजात सांगा, पण सांगा.

बहुतेक वेळा होतं काय, तर कडकडून भांडायच्या तयारीने आलेली लेक दोन-तीनच साड्या उचलते. तिचंही कपाट भरलेलंच असतं. आणि उचलते ती भारीतली असेलच असं नाही. आईची रोजची, धुऊन धुऊन मऊ पडलेली सुती साडी तिला हवी असते, जिला तुम्ही-आम्ही पायपुसण्याच्या लायकीची समजलो असतो. म्हणूनच आधी निवडून ठेवू नका म्हटलं.

त्या दिवशी उरतील त्या साड्यांत काय काय आहे हे, कुठे देण्याआधी, कुणातरी जाणकार बाईकडून बघून घेतलंत तर बरं. त्या पिढीच्या कपाटात बागलकोटकडची इरकल असते, लाल रेशमी पदरावर पांढऱ्या रेघा असलेली; तेलंगणातल्या नारायणपेठेची असते; एखादं सव्वाआठ मीटरचं नऊवारी लुगडं असतं. पैठणी असेल तर पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर-पोपट विणताना धाग्यात धागा अडकवून विणलेले असतात, त्यामुळे उलट बाजूही जवळजवळ सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे, कापलेले धागे दिसतात. जरीचं म्हणाल तर अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. नकलीत तांब्याची तार असते किंवा सरळ प्लॅस्टिकची चकचकीत पट्टी. दारावर 'जुनी जर घेणार' म्हणत येतात, त्यांना धडकी साडी देऊ नका; ते ती जाळून धातू काढतात आणि तुमच्या हातात काय ठेवायचं ते तेच ठरवतात. साडीचं अंग विरलं असेल आणि काठ-पदर शाबूत असेल, तर तो सोडवून नव्या कापडावर बसवून देणारे कारागीर मिळतात. परकर-पोलकं, ओढणीही होते. मात्र 'काहीतरी शिवून घेऊ' म्हणून पिशवी भरून ठेवणार असाल तर थांबा. शिंप्याकडे कधी जाणार ते ठरलं नसेल तर ती पिशवी नव्या घरात साड्यांपेक्षा जास्त जागा अडवेल.

आता तुम्ही घाईघाईने लिहून पुढे गेलात ते वाक्य : 'बँकेच्या साड्यांचं तर काही सुचतच नाही.' आहेरावर तुम्ही कारण दिलंत, सासूबाईंच्या साड्यांवर प्रसंग सांगितलात, इथे मात्र काहीच नाही. मला वाटतं, खरी गाठ इथे आहे.

तुमच्या आवकीच्या कागदावर स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या म्हणून ज्या निघतील, त्यात बहुतेक याच असतील. जेवणाच्या सुट्टीत बँकेत गाठोडं घेऊन येणाऱ्या बाईकडून घेतलेल्या, पगाराला हप्ता देत फेडलेल्या. एकीने जांभळी घेतली म्हणून दुसरीने त्याच नक्षीतली हिरवी घेतली. खळ घातलेल्या कलकत्ता कॉटन. लोकलच्या गर्दीत चुरगळू नयेत म्हणून पावसाळ्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या सिंथेटिक. मार्चअखेरीला रात्री उशिरा घरी येतानाची एखादी. बढतीच्या मुलाखतीला नेसलेली. त्या साड्यांतल्या बाईला रोज सकाळी सव्वानवाला कुठेतरी पोचायचं असायचं आणि पोचल्यावर लोक तिची वाट बघत असायचे. तुम्हाला निवृत्त होऊन एकच वर्ष झालंय. त्या बाईला इतक्यात गाठोड्यात बांधायचं, आणि तेही पुनर्विकासवाल्याच्या तारखेला, हे सुचत नसेल तर त्यात नवल नाही.

म्हणून हा ढीग सगळ्यात शेवटी घ्या, आणि या एका ढिगाला दसऱ्याची मुदत लावू नका. एक बॅग भरून बरोबर न्या. भाड्याच्या घरातही एका बॅगेला जागा निघते. पण न्यायच्या आधी त्यातल्या सुती साड्या या दिवसांत नेसून बघा. भाजी आणायला, वाचनालयात, भिशीला. सणावारी नको, साध्या बुधवारी. दोन शक्यता आहेत. एक, नेसल्यावर तुम्हाला बरं वाटेल आणि पंजाबी ड्रेस हा केवळ सोयीने लागलेली सवय होता हे कळेल. दुसरी, दुपारपर्यंत निऱ्या सांभाळून जीव मेटाकुटीला येईल आणि लक्षात येईल की इतकी वर्षं रोज नेसून आता पुरे झालं. तसं असेल तर तेही मोकळेपणाने मान्य करा. साडी नेसणं संपलं म्हणून काही बिघडत नाही.

पुरे झालं असं ठरलं, तर आधी बँकेतच विचारा. नव्याने लागलेल्या मुली हल्ली हातमागाच्या, कॉटनच्या साड्या हौसेने नेसतात आणि दुकानात त्यांच्या किमती ऐकून परत येतात. तुमच्या जुन्या शाखेत कुणाच्या तरी अंगावर त्या जाव्यात, हे मला गाठोडं बांधण्यापेक्षा बरं वाटतं. सुनेचा फोटोचा उपाय कामी येतो तो इथे. नुसत्या घडी घातलेल्या साडीचा फोटो पुढे कुणी बघत नाही, तुम्हीसुद्धा बघणार नाही. साडी नेसून काढा, सुनेलाच काढायला लावा, आणि खाली दोन ओळी लिहा : कधी घेतली, कुणाबरोबर, केवढ्याला. किमती तुम्हाला आठवतीलच.

तुमच्या आवडीच्या ढिगाबद्दल फारसं सांगायचं नाही, त्या तुम्ही ठेवणारच आहात आणि ठेवाव्यात. एवढंच विचारते : त्या नेसल्या का जात नाहीत? उत्तर बहुधा साडीत नसून ब्लाउजमध्ये असतं. साडी पंचविशीतही होते आणि साठीतही होते. ब्लाउज मात्र मुलाच्या मुंजीच्या वेळचा असतो. तो अंगाला येत नाही, नवीन शिवायचा कंटाळा, म्हणून साडी आत. कपाट उपसताना आवडती साडी आणि तिचा ब्लाउज एकत्र काढा आणि ब्लाउज लगेच घालून बघा. जुन्या शिंप्यांनी आत माया भरपूर सोडलेली असते, शिवण उसवून इंच-दीड इंच सहज वाढतो. नसेल वाढत तर प्रत्येकीला मॅचिंग शिवायच्या भानगडीत न पडता एक काळा, एक सोनेरी टिश्यूचा आणि एक कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा असे तीन ब्लाउज नीट मापाने शिवून घ्या. निम्म्या साड्या त्यावर चालून जातील. परकराचं इलॅस्टिक सैल झालंय का तेही बघा. अशा फुटकळ गोष्टींपायी कितीतरी चांगल्या साड्या पडून असतात.

उरलेल्या कुठे जाणार, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण इतर वाचक नक्की विचारतील. जीर्ण झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घ्या. जाडीप्रमाणे चार-सहा साड्या लागतात, आणि धावदोऱ्याने हाताने शिवून देणाऱ्या बायका शहरातही आहेत. सिंथेटिकची गोधडी शिवू नका, ती घाम शोषत नाही आणि आतून सरकते. धड, धुतलेले, नेसण्याजोगे कपडे संस्थांना द्या. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेली 'गूंज' बऱ्याच वाचकांना माहीत असेल. या कामासाठी त्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे कपडे नुसते वाटत नाहीत. गावकऱ्यांनी मिळून विहीर, रस्ता, तळं असं गावाचं काम करायचं आणि त्या कष्टाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे, अशी पद्धत आहे. जुन्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅडही ते करतात. मुंबई-पुण्यात त्यांना सामान देता येतं, चौकशी करून जा. बोहारीण येत असेल तर तिलाही द्यायला हरकत नाही. पातेल्याच्या मोबदल्यात गेलेली साडी धुऊन, दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येते आणि कुणीतरी ती विकत घेऊन नेसतं. पण पूर आला, भूकंप झाला की गठ्ठे पाठवायची घाई करू नका. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. सगळं गमावलेल्या कोळी कुटुंबांनाही दुसऱ्याचे फाटके, मळके कपडे नको होते. देताना आपण नेहमी आपल्या कपाटाचा विचार करतो, घेणाऱ्याचा करत नाही.

घरी काम करणाऱ्या बाईंना देतानाही तेच. 'या घे' म्हणून गाठोडं हातात देऊ नका. समोर पसरा, हवी ती घ्या म्हणा, नको असतील तर नको म्हणायची मोकळीक ठेवा. त्यांच्याही घरी कपाट एकच असतं. आणि दिवाळीच्या बोनसमध्ये त्या साड्या धरू नका.

ठेवायच्या ठरतील त्या नव्या जागेत नीट जाव्यात म्हणून दोन-चार गोष्टी. रेशमी साड्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून बाहेर काढा. त्यात दमट हवा कोंडते, बुरशीचे डाग पडतात आणि जर काळवंडते. जुनं मऊ धोतर किंवा मलमल चांगलं, त्यात गुंडाळा. डांबरगोळी साडीला टेकू देऊ नका, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे मला त्याहून बरे वाटतात. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं रेशीम घडीवरच चिरतं, म्हणून अधूनमधून घडी मोडून दुसऱ्या बाजूने घाला. सध्या पाऊस आहे, वारा द्यायच्या भानगडीत पडू नका. ऑक्टोबरचं ऊन पडलं की नव्या घरात सावलीत एक दिवस पसरा. आणि भाड्याच्या जागेत भिंतीला ओल असेल तर कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायला हमालांना सांगा; एकदा भरल्यावर ते हलत नाही.

एक शेवटचं. सुनेसाठी म्हणून काही साड्या बाजूला ठेवत असाल तर त्यांबद्दल तिला विचारलंत का? पत्रावरून तसं वाटत नाही. श्रावणातल्या त्या रविवारी तिने एकही उचलली नाही तर मनाला लावून घेऊ नका, आणि दहा उचलल्या तर 'तूच तर म्हणत होतीस देऊन टाका' असंही म्हणू नका. ब्लाउज मात्र या आठवड्यातच शिवायला टाका. गौरी-गणपती जवळ आले की शिंपी नवीन कापड हातात घेत नाहीत.